युरोप १९ दिवस, सोबत ४ आणि १० वर्षांची मुलं आणि साबा (सासूबाई): प्लॅन जास्त भरलाय का?

चिमणी_पुणे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

२० मेच्या रात्री मुंबईहून निघायचं आणि ८ जूनला परत असं ठरतंय (मुलीची शाळा १५ जूनला उघडते). आम्ही पाच जण: मी, नवरा, लेक १० वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा आणि साबा, वय ६७, गुडघे जरा कुरकुरतात पण रोज पर्वतीच्या पायथ्यापर्यंत चालून येतात. साबा शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. तिकिटं अजून काढली नाहीत, व्हिसा नाही, काहीच नाही, फक्त एक एक्सेल शीट आहे ज्यावर मी दोन महिने जीव ओतलाय.

तर शीट अशी: पॅरिस ४ रात्री (त्यातला एक दिवस डिस्नेलँड), अ‍ॅमस्टरडॅम २, ब्रुसेल्स १, कोलोन १ (नवऱ्याचा कॉलेजचा मित्र राहतो, "तिकडे जाऊन त्याच्याकडे नाही गेलो तर काय म्हणेल तो"), लुझर्न २, इंटरलाकेन २, व्हेनिस १, फ्लोरेन्स १ (येताजाता पिसा), रोम ३. रोमहून परत. टोटल १७ रात्री. नवरा म्हणतो एवढे पैसे खर्च करून जातोय तर सगळं बघून घेऊ, परत कधी जाणं होणार. मलाही पटतं, पण काल रात्री शीट बघता बघताच दमले.

प्रश्न: (१) काय उडवू? (२) व्हिसा फ्रान्सचा ना, पहिलं लँडिंग तिथे आहे म्हणून? (३) साबांच्या जेवणाचं काय? (४) की सरळ ग्रुप टूर घ्यावी?

दोन_पिल्लांची_आई

अगं बाई, ही ट्रिप आहे की अष्टविनायक? गाडीतून उतर, दर्शन घे, फोटो काढ, गाडीत बस, पुढचा गणपती.

आधी एक गोष्ट कर, शीटमध्ये "रात्री" मोजल्यास तशी "हॉटेल बदलण्याची सकाळ" मोज. नऊ मुक्काम म्हणजे आठ वेळा बिऱ्हाड हलवणं. दहा-अकराला रूम सोडायची, पुढची रूम तीनशिवाय मिळत नाही, मधल्या वेळात पाच माणसं, चार बॅगा आणि एक पेंगुळलेलं पोर घेऊन तुम्ही कुठेतरी स्टेशनवर. प्रत्येक बदलाला अर्धा दिवस तरी जातोच, म्हणजे सतरातले चार दिवस निव्वळ हमालीचे. आणि एका रात्रीचा मुक्काम म्हणजे शुद्ध फसवणूक असते बघ, संध्याकाळी पोचायचं, ब्रश-पायजमे काढायचे, सकाळी तेच परत भरायचे, बघितलं काय तर स्टेशन ते हॉटेल रस्ता.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, आम्ही केलंय. १४ दिवसांत सात हॉटेलं. सहाव्या दिवशी ब्रुसेल्सच्या प्लॅटफॉर्मवर माझ्या धाकट्याने (तेव्हा ५ चा) सरळ बॅगेवर आडवं पडून जाहीर केलं की तो आता इथेच राहणार आहे, तुम्ही जा. गाडी सुटली. आमची, त्याच्यासकट, प्लॅटफॉर्मवर राहून. नवरा आणि मी एकमेकांशी संध्याकाळपर्यंत बोललो नाही.

आणखी एक जे कुणी सांगत नाही, मे-जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊ-पावणेदहापर्यंत लख्ख उजेड असतो. "अंधार पडला, झोपा" हे वाक्य चालतच नाही. आणि आपलं घड्याळ साडेतीन तास पुढे, म्हणजे पहिले दोन दिवस तीच मुलं पहाटे चारला टुणकन उठून "आई भूक लागली". दोन्हीकडून झोप खाल्ली जाते. म्हणून पहिले दोन दिवस काही म्हणजे काही बुक करू नकोस, डिस्ने तर नाहीच. नुसतं पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग गार्डनला जा, तिथल्या हौदात सोडायला लाकडी शिडाच्या होड्या भाड्याने मिळतात, हातात काठी देतात, होडी कडेला आली की ढकलायची. माझी दोघं दीड तास तिथून हलली नाहीत आणि आम्ही हिरव्या लोखंडी खुर्च्यांवर बसून चक्क डुलक्या काढल्या.

माझं मत: तीन तळ, फार तर चार. अ‍ॅमस्टरडॅम, ब्रुसेल्स, कोलोन हा अख्खा वरचा तुकडा उडव.

काटकसर_काका

व्हिसाबद्दल लिहितो, कारण तिथेच लोक गंडतात.

"पहिलं लँडिंग तिथला व्हिसा" हा गैरसमज आहे. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज करायचा तो ज्या देशात सर्वात जास्त मुक्काम आहे त्या देशाकडे. पहिल्या प्रवेशाचा नियम तेव्हाच, जेव्हा मुख्य देश कुठला ते ठरतच नाही. तुझ्याच शीटवरून मोज: फ्रान्स ४, नेदरलँड्स २, बेल्जियम १, जर्मनी १, स्वित्झर्लंड ४, इटली १+१+३ म्हणजे ५. म्हणजे या प्लॅनला अर्ज इटलीकडे जायला हवा होता, आणि तू फ्रान्सची अपॉइंटमेंट घेऊन बसली असतीस. तेव्हा आधी रात्री पक्क्या कर, मग अपॉइंटमेंट. उलटं नको.

प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, कमीत कमी १५ दिवस आधी. हे १५ दिवस कागदावरचे, मेच्या सुट्टीत अख्खा महाराष्ट्र निघतो, मार्चनंतर स्लॉट शोधत बसावं लागतं. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या आतल्यांना ४५, सहाच्या खाली शून्य. म्हणजे तुमचे तिघांचे २७० अधिक लेकीचे ४५, एकूण ३१५ युरो, चिरंजीव फुकट. सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, साबांना बीपी-शुगर काही असेल तर फॉर्मवर लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच अंगाशी येतं.

आणि आत्ता, हे वाचून झाल्याझाल्या, कपाट उघडून मुलांचे पासपोर्ट बघ. मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो, आपण आपल्या १० वर्षांच्या सवयीने धरून चालतो की आहे अजून. परत यायच्या तारखेनंतर निदान ३ महिने व्हॅलिड हवा आणि दोन पानं कोरी. आमच्या नातवाचा प्रवासाच्या महिनाभर आधी संपत होता आणि हे लक्षात कधी आलं तर विमानाचं तिकीट काढताना नंबर टाकायला घेतला तेव्हा. सुनेचा चेहरा आठवतो अजून.

तिकीट: मुंबई-पॅरिस आणि रोम-मुंबई हे एकाच बुकिंगमध्ये "मल्टी सिटी" टाकून काढायचं, दोन वेगवेगळी वन-वे काढू नको, बहुतेक वेळा महाग पडतात. हॉटेलं व्हिसा हातात येईपर्यंत फ्री कॅन्सलेशनवालीच. पण व्हिसा आल्यावर सगळं रद्द करून भलताच प्लॅन करायचा शहाणपणा नको, इमिग्रेशनला बुकिंग विचारू शकतात.

रमतगमत

ग्रुप टूरला इथे सगळे नाकं मुरडतात म्हणून मी तिची बाजू घेतो. आई-बाबांना घेऊन आम्ही गेलो होतो, टूर मॅनेजर मराठी, रात्री गरम वरणभात, बॅगा बसच्या पोटात, कुठे बदलायचं कुठे चढायचं डोक्याला ताप नाही. आई आजही त्या ट्रिपबद्दल बोलते. ज्येष्ठांसाठी उत्तम आहे हे मी ठामपणे सांगेन.

पण ४ वर्षांचं मूल असेल तर प्रामाणिकपणे सांगतो, नको. सकाळी सहाला वेकअप कॉल, साडेसातला बस, मग पाच पाच तास बसमध्ये. आमच्या ग्रुपमध्ये एक असंच छोटं होतं, त्याला शू लागली की चाळीस माणसं थांबायची आणि त्याची आई सगळ्यांना सॉरी म्हणत बसायची. बिचारीने ट्रिपभर तेवढंच केलं.

बासेलकर

नऊ वर्षं इथे स्वित्झर्लंडलाच आहे, दर मे महिन्यात कोणी ना कोणी पाहुणे असतात, त्या अनुभवावरून लिहितो, थोडं लांबेल.

लुझर्न २ आणि इंटरलाकेन २ असं तोडू नका. दोन्हीमध्ये थेट गाडी आहे, ब्र्युनिगच्या घाटातून, दोन तासांच्या आत पोचते आणि तो प्रवासच बघण्यासारखा आहे. इंटरलाकेन किंवा शेजारच्या विल्डर्सविलला किचनवालं अपार्टमेंट घ्या आणि सगळे दिवस तिथूनच फिरा. पॅरिसहून येताना गार द लियों स्टेशनवरून बासेलला टीजीव्ही (फ्रान्सची फास्ट गाडी) तीन तासांत येते, मग पुढे इंटरलाकेन दोन तास.

पास: स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ आणि १५ दिवसांचा मिळतो. त्याबरोबर फॅमिली कार्ड मागून घ्या, फुकट असतं, आईवडिलांकडे पास असेल तर ६ ते १६ मधली मुलं त्यावर फुकट, सहाखालची तशीही फुकट. म्हणजे तुम्हाला तीनच पास लागतील. बोटी, बस, शहरातल्या ट्राम सगळं त्यात. मुक्काम वाढवून आठवडाभर केलात तरी उगाच आठ दिवसांचा घेऊ नका, शेवटचा एक दिवस तळ्याकाठी बसायचा ठेवा आणि सहाचा घ्या.

आता मेबद्दल. आपल्याकडच्या फोटोंत जी हिरवी कुरणं आणि मागे बर्फ दिसतं ना, ते वरच्या भागात जूनअखेर-जुलैचं असतं. मेअखेरीस खाली दरीत हिरवंगार, धबधबे तुडुंब, पण दोन हजार मीटरच्या वरचे ट्रेक अजून बर्फाखाली असतात. काही लिफ्ट मधल्या काळात दुरुस्तीला बंद, शिनिगे प्लाटेची जुनी गाडी साधारण जूनमध्ये सुरू होते. जे ठरवाल त्याची सुरू व्हायची तारीख त्यांच्या साइटवर बघा मगच शीटमध्ये घाला.

युंगफ्रायोख (डोंगरावरचं बर्फातलं रेल्वे स्टेशन): ३४५४ मीटर. पाहुण्यांपैकी सगळ्यांना जायचंच असतं, मी अडवत नाही, पण तिकीट आठवडाभर आधी काढू नका. सकाळी उठून वेबकॅम बघा. वर ढग असतील तर तुम्ही एवढे पैसे मोजून पांढऱ्या भिंतीकडे बघून खाली येता. पासवर तिथे फक्त सवलत आहे, पूर्ण फुकट नाही. आणि साबांना उंचीचं डॉक्टरांना विचारून घ्या. त्याऐवजी (किंवा ढग असले तर) म्युरेन: लाउटरब्रुनेनहून केबल कार, मग छोटी गाडी, सगळं पासमध्ये, १६४० मीटरच्या आसपास, समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ तिघं रांगेत उभे. गावात मोटारी नाहीत, त्यामुळे पोरगं सोडून दिलं तरी चालतं, साबा बाकावर बसून बघतील. माझ्या आईने तिथे डब्यातला दहीभात खाल्ला आणि म्हणाली, "आता तू काही दाखवू नकोस."

इथून इटलीला जाताना श्पीत्सला गाडी बदलावी लागते, तिथून मिलान थेट. श्पीत्सला बदलायला कधी कधी सात-आठ मिनिटंच असतात. हे वाचायला पुरेसं वाटतं. पण प्लॅटफॉर्म बदलायचा, खाली बोगद्यात उतरायचं, परत वर, आणि तुमच्याकडे चार बॅगा. त्यामुळे एक तर बॅगा तीन करा, किंवा एक गाडी आधीची पकडून श्पीत्सला पाऊण तास थांबा. स्टेशनवरूनच खाली तळं दिसतं, वाईट जागा नाहीये.

कोलोनच्या मित्राचं: कोलोनहून पॅरिसला थेट फास्ट गाडी आहे, साडेतीन तासांच्या आत. त्यालाच वीकेंडला पॅरिसला बोलवा की. खऱ्या मित्राला वाईट वाटणार नाही, उलट घर आवरावं लागणार नाही म्हणून बायको खूष होईल.

मिरज_मसाला

साबांच्या जेवणासाठी खास लॉगिन केलं 😀

पहिलं आणि महत्त्वाचं, तूप नेऊ नका!! युरोपात बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यात तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या, चीज सगळं आलं. आमच्या घरचं रवाळ साजूक तूप, अर्धा किलो, एअरपोर्टवर डोळ्यांदेखत डब्यात गेलं. तुम्ही मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, लसणाची चटणी, तेलावरचे ठेपले, भाजलेला रवा, मूगडाळ-तांदूळ मिक्स करून असं न्या, तूप तिथे सुपरमार्केटमधून बिनमिठाचं बटर आणून कढवा, दहा मिनिटांत घरभर वास.

कुकर नेऊ नका, शेगडी इंडक्शन असली तर आपला अ‍ॅल्युमिनियमचा चालतच नाही. छोटा इलेक्ट्रिक राइस कुकर न्या, खिचडी मस्त होते. पण प्लग! स्वित्झर्लंडचं सॉकेट खोल आणि षटकोनी असतं, आपला तो जाडजूड युनिव्हर्सल अडॅप्टर आतच जात नाही. मोबाइलचा बारीक दोन पिनांचा जातो, कुकरचा तीन पिनांचा नाही. त्या देशाचा वेगळा अडॅप्टर घ्या. आम्ही पहिल्या रात्री चिप्स आणि केळी खाल्ली.

बाहेर खायचं तर पॅरिसमध्ये गार द्यु नॉर स्टेशनच्या मागे ला शापेलला श्रीलंकन तमिळ लोकांची वस्ती आहे, डोसे-इडल्या मिळतात. माऱे भागात फलाफल, पण शनिवारी जाऊ नका, ज्यू दुकानं त्यातली बरीच बंद असतात. क्रेपमध्ये अंडं असतं, साबांना सांगून ठेवा. इटलीत काळजीच नाही, पास्ता पोमोदोरो किंवा पिझ्झा मारिनारा, त्यावर चीज नसतंच. खऱ्या पार्मेजानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडायला वापरतात ते) असतं, हे साबांना सांगायचं की नाही तुमचं तुम्ही ठरवा, मी आमच्याकडे सांगितलं आणि पस्तावले.

स्वित्झर्लंडला रविवारी दुकानं बंद, स्टेशनातली तेवढी उघडी. शनिवारी दूध-भाजी आणून ठेवा.

चिमणी_पुणे

बापरे, एवढे प्रतिसाद!! सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काका, पासपोर्ट बघितले. लेकीचा ऑगस्टमध्ये संपतोय, म्हणजे ८ जूननंतर तीन महिने भरत नाहीत. मी हातात धरून पाच मिनिटं नुसती बसले होते. उद्या रिन्यूअलची अपॉइंटमेंट.

नवऱ्याला धागा वाचायला दिला. अष्टविनायक वाचून हसला, ब्रुसेल्सचा प्लॅटफॉर्म वाचून हसायचा थांबला. मित्राला फोन केला तर तो म्हणे मी येतोच पॅरिसला, मलाही निमित्त हवंय. दोन महिने मी उगाच त्या कोलोनभोवती गाड्या जुळवत होते.

नवीन शीट: पॅरिस ५, विल्डर्सविल ६, व्हेनिस २, रोम ४. फ्लोरेन्स रोमहून एका दिवसात जाऊन येऊ (दीड तासच आहे ना?). पिसा रद्द, मनोरा तसाच वाकडा राहील. डिस्ने चौथ्या दिवशी. हे बरं आहे का? आणि ४ वर्षांच्या मुलासाठी स्ट्रोलर न्यावा का? घरी तो कधीच बसत नाही, पण दमला की कडेवर, आणि तो १७ किलो आहे.

काटकसर_काका

स्वित्झर्लंड ६, इटली २+४ म्हणजे ६. टाय! आता मुख्य देश कुठला यावर खिडकीवर वाद घालत बसाल. पॅरिसची एक रात्र काढून विल्डर्सविलला द्या, ४-७-२-४, अर्ज सरळ स्वित्झर्लंडकडे. डिस्ने मग तिसऱ्या दिवशी येईल, पहाटे चारला उठणारी मुलं तोवर सहापर्यंत झोपायला लागतात.

चिमणी_पुणे

काका _/\_ तुम्हीच माझी शीट चालवा आता.

दोन_पिल्लांची_आई

फ्लोरेन्सचं बरोबर, फास्ट गाडीने दीड तास, फक्त ते तिकीट लवकर काढ, दिवस जवळ येतील तसं वाढत जातं. लूव्हर मंगळवारी बंद, व्हॅटिकन म्युझियम बहुतेक रविवारी बंद, शीटमध्ये वार लिही, नुसत्या तारखा नको. मुलांना लूव्हर, कोलोसियम फुकट असलं तरी फुकटचं तिकीटही वेळ घेऊन बुक करावं लागतं, दारात कळलं तर पोरं बाहेर आणि आपण आत अशी गत.

स्ट्रोलर ने, पण दोन मिनिटांत घडी होणारा, खांद्याला लावता येणारा. घरी बसत नाही तो तिथे बसतो, विश्वास ठेव. पॅरिसच्या मेट्रोत बहुतेक ठिकाणी नुसत्या पायऱ्या, लिफ्ट शोधून सापडत नाही, त्यामुळे बसने फिरा. बसला स्ट्रोलरची जागा असते, साबांनाही पायऱ्या टळतात आणि खिडकीतून शहर दिसतं ते वेगळं. व्हेनिसला मात्र घडी घालून बॅगेतच ठेव, दर दोनशे पावलांवर पूल आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या. हॉटेल सांता लुचिया स्टेशनजवळ घे, मधे किती पूल लागतात ते नकाशावर मोजून घे. आम्हाला "स्टेशनपासून ९ मिनिटं" सांगितलं होतं, त्यात चार पूल होते, आणि नवऱ्याने प्रत्येक पुलावर तीन खेपा केल्या: एक बॅगांची, एक स्ट्रोलरची, एक सासऱ्यांची.

बासेलकर

विल्डर्सविलला पोचलात की लाउटरब्रुनेनहून पुढे दरीत जाणाऱ्या पिवळ्या पोस्टबसमध्ये चिरंजीवांना ड्रायव्हरमागच्या सीटवर बसवा. डोंगरातल्या रस्त्यांवर आंधळ्या वळणाला या बस तीन सुरांचा भोंगा वाजवतात, तुमच्या फेरीत वाजेलच असं नाही, पण ड्रायव्हरला विचारून बघा. माझ्या भाच्यासाठी एकाने स्टॉपवर उभी बस असताना वाजवला होता. नंतर पुण्यात दोन महिने तो भोंगा जेवताना ऐकू येत होता असं बहीण सांगते, त्यामुळे हे तुमच्या जबाबदारीवर.